मसाल्याचा फडका

मोठीआयने माझी स्तुती केली असा प्रसंग माझ्या आयुष्यात एकच आला, आणि तोही गैरसमजातून. मोठीआय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. भाईंदरच्या खारी गावातल्या आमच्या घरात माझे आईबाबा होते, आबा म्हणजे हे थोरले काका होते, पण घर चालायचं ते मोठीआयच्या आवाजांवर. सकाळी तांदळाची भाकरी थापल्याचा आवाज, मग सुकटीच्या डब्याचं झाकण आपटल्याचा, मग आईला मारलेली हाक. हाकेत राग आहे की नुसतंच मीठ संपलंय हे आम्हांला जिन्यावरूनही कळे. बाबा कारखान्यात पाळीवर जायचे आणि घरी असले तरी मोठ्या भावासमोर बोलायचे नाहीत. आबा मात्र बोलायचे. आमची मिठागरं चालू होती तेव्हा तिथल्या कचेरीत एक लाकडी खुर्ची होती. मिठागरं गेली, जमिनी गेल्या, खुर्ची आबांनी घरी आणली. तिच्यात बसून ते पेपर वाचत तोवर साधे माणूस असत. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकले की कोर्ट भरलं असं समजायचं.

मी तेव्हा मुंबईच्या एका कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होते. आमच्या एका सरांनी वर्गात अंधार करून पडद्यावर परदेशी चित्रं दाखवली होती. त्यांत माणूस नाही, झाड नाही, घागर नाही. नुसता रंग, या कडेपासून त्या कडेपर्यंत. एक लाल, खाली दुसरा लाल, मध्ये एक रेघ, तीही धड सरळ नाही. सर अनंताबद्दल बोलत होते. यंत्राचा दिवा जुना असल्यामुळे सगळी चित्रं थोडी चहात बुडवल्यासारखी दिसत होती. पण मुलं माना डोलवत होती, कारण सरांचा आवाज फार भरून आला होता. माझा अनंतावर विश्वास बसला नाही. आजही बसलेला नाही. मला एवढंच कळलं की ही चित्रं भिंतीएवढी मोठी असतात, आणि तेवढा मोठा रंग समोर उभा राहिला तर माणसाला काय होतं हे पडद्यावर बघून कळायचं नाही. तशी चित्रं आपल्याकडे बघायला मिळणार नव्हती. मग एखादं आपणच रंगवावं लागणार होतं.

परीक्षेला एक मोठं चित्र द्यायचं होतंच. मी मांजरपाट आणला. एका पन्ह्याचा पुरेना म्हणून दोन पन्हे आईकडून जोडून शिवून घेतले. तयार रंगांच्या नळ्या परवडण्यासारख्या नव्हत्या, म्हणून भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून सुटी रंगाची भुकटी घेतली, डिंकाच्या पातळ पाण्यात कालवायची आणि कापडावर ओतायची. लाल म्हणजे साधा गेरू होता. पिवळ्यासाठी मी बरीच वणवण केली. हळद उन्हात उडाली, रामरज, म्हणजे पिवळी माती, मळकट दिसली. शेवटी दुकानदाराने खालच्या फळीवरून एक डबा काढला. क्रोमचा पिवळा. झाकण उघडलं तर दुकानात दिवा लावल्यासारखं झालं. तो पुडी बांधता बांधता म्हणाला, "बेन, ये खाने का आइटम नहीं है हां. हाथ बराबर धोने का." कॉलेजातले सरही तेच सांगायचे, त्यात शिसं असतं, हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. अनंताबद्दल त्यांचं मला कधी पटलं नाही, पण शिशाबद्दल मी त्यांचा शब्द प्रमाण मानला.

एवढं मोठं कापड पसरायला जागा एकच, गच्ची. त्यासाठी कोर्टापुढे जावं लागलं. आबांनी हात टेकले, घसा साफ केला आणि मुली शिकल्या पाहिजेत यावर बरंच बोलले. मग निकाल दिला. "गच्ची घे. पन घरच्या कामाला धक्का लागला आनि हिची तक्रार आली," त्यांनी मोठीआयकडे बोट दाखवलं, "तर तुझा रंगाचा कारखाना बंद. परीक्षा न्हाय, कालेज न्हाय. तुझ्यासाठी आलेली स्थळं मी उगाच थांबवली न्हाय." मोठीआय तेव्हा कोलंबी सोलत होती. तिने मान वर केली नाही. पण मला माहीत होतं, घरात तक्रार करायचा हक्क आता रीतसर तिच्या नावावर झाला होता.

आमच्याकडे घराची पत मसाल्यावर ठरे. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला होई, आणि तो आमच्यापुरता नसे. मोठीआयच्या तिन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या, एक उत्तनजवळ, दोघी राई गावात. प्रत्येकीच्या सासरी आमचा मसाला जायचा आणि तिथे कालवणाची चव बघून मोठीआयची किंमत होत असे. ती मिरच्या स्वतः निवडायची, देठ स्वतः काढायची. वाळली की नाही हे बघायला मिरची कानाजवळ धरून मोडायची. कट् असा कोरडा आवाज आला तरच पास. हे सगळं वाळवायला तिचा एक खास फडका होता, जुना, दोन पन्ह्यांचा मांजरपाट. त्याच्या एका अंगाला दर वर्षी हळकुंडं आणि धणे, दुसऱ्या अंगाला मिरच्या. इतकी वर्षं तसंच चाललं होतं, त्यामुळे तो फडका अर्धा पिवळा आणि अर्धा लाल झाला होता. वर्षभर तो माळ्यावर घडी घालून असे. हे आत्ता लिहिताना मलाच हसू येतंय. पण तेव्हा हा फडका माझ्या डोक्यातही नव्हता. मी अनंताला टाळून एक गोष्ट रंगवत होते: वर मोठा पिवळा, खाली मोठा लाल, मध्ये जुळत न जुळत गेलेली एक कड.

चित्र पुरं झालं. एक दिवस उन्हात राहिलं की गुंडाळून न्यायचं, असं ठरवून मी ते गच्चीवर चार विटांखाली पसरून कॉलेजात गेले. दुपारी परतले तर मोठीआय दारातच उभी होती, शेजारच्या बाईशी बोलत. मला बघून तिचा चेहरा असा उजळला की मी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

"ही बघ आमची विजू," ती शेजारणीला म्हणाली. "मना वाटायचा, कालेजान जाऊन पोर फुकट गेली. तर आज मी सांगायच्या आधी हिनं फडका घालून ठेवलेला. इटा पन ठेवल्या चार कोपऱ्यांना. शिकली गो, शिकली." आणि तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

तिचा हात पिवळा होता. हळदीने आमच्या घरातल्या सगळ्या बायकांचे हात पिवळे होत, त्यात नवल नव्हतं. पण हळदीच्या पिवळ्यात थोडं तांबूस असतं. हा तसा नव्हता. हा पिवळा मी मागच्या काही दिवसांत इतका पाहिला होता की झोपेतही ओळखला असता.

"मोठीआय, सगळं कुठाय? धणे, हळद?"

"सुकाच आनलेला, एका उनान कडक वालला. डब्यान भरला. आबा घेऊन गेला कांडपाला. का गो?"

मी तिचा हात धरून तिला मोरीवर नेलं आणि साबण लावून धुवायला लागले. ती हसत होती. "सोड गो, हलदीचाच हाय." मी आईला ओरडून सांगितलं, हिचे हात तीनतीनदा धू, पीठ मळू देऊ नको, आणि चप्पल न घालताच धावत सुटले.

मसाल्याची गिरणी रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेच्या बाजारात होती. रिक्षा मिळाली आणि फाटकाशी येऊन थांबली, कारण फाटक बंद. मी तिथे उभी राहून, म्हणजे रिक्षात बसून, जेवढा विचार करता येईल तेवढा केला. गप्प राहिले तर चित्र वाचेल. कुणाला काही कळायचं नाही, मसाल्यात पिवळा कुठला आणि हळद कुठली. पण वर्षभर तो आमच्या ताटात येणार, आणि तीन सासरांतल्या पोराबाळांच्याही. बोलले तर मसाला जाणार, मोठीआयची अब्रू जाणार, आणि संध्याकाळी खुर्चीचे हात टेकले जाणार. तसा हा विचार होताच असं नाही. त्याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. फक्त फाटक उघडेपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

गिरणीच्या आधी तिचा वास येतो. गल्लीच्या तोंडाशीच माणसं शिंकत होती. आत लोखंडी मुसळं धाडधाड पडत होती. बायका डबे घेऊन बाकांवर बसल्या होत्या, नाकाला पदर लावून. आणि त्यांच्यात, कुणीतरी आदराने दिलेल्या एकुलत्या एक खुर्चीत, आबा. आमचा डबा रांगेत पुढचा होता. गिरणीवाल्याच्या माणसाने तो उचललासुद्धा.

"आबा, थांबवा! डबा आत देऊ नका."

आबांनी आधी माझे अनवाणी पाय पाहिले. "विजू, हल्लू बोल."

"हळू बोलले तर ऐकू यायचं नाही, मशीन चालू आहे. धण्याला रंग लागलाय. माझा. तो विषारी आहे."

नेमकं तेवढ्यात मशीन थांबलं. शेवटचे शब्द सगळ्या गिरणीने ऐकले. एक म्हातारी उठून आमच्या डब्यापासून चार हात लांब जाऊन बसली. गिरणीवाला गल्ल्यावरून उतरला.

"क्या बोला? जहर? ए, वो डब्बा नीचे रख. मेरे मशीन में नहीं जाएगा. पूरा भाईंदर का मसाला निकलता है इधर से."

"घरचीच पोर इख घालते, बाई," कोणीतरी पदराआडून म्हणालं.

आबांनी आयुष्यात कधी माघार घेतली नव्हती, निदान लोकांसमोर. ते सावकाश उठले, डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि गिरणीवाल्याला म्हणाले, "आमचा माल आम्ही परत नेतो. तुमच्या हितला कांडप बराबर न्हाय."

"ले जाओ काका, ले जाओ," तो हात जोडून म्हणाला.

परतीच्या रिक्षात डबा आमच्या दोघांच्या मध्ये होता. आबा रस्त्याकडे तोंड करून बसले. खारीचा रस्ता लागल्यावर एकदा शिंकले आणि त्याबद्दलही माझ्याकडेच बघितलं.

घरी पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती, कशी ते विचारू नका. मोठीआय ओट्यावर बसली होती. आईने धुऊन धुऊन तिचे हात लाल केले होते. आबा खुर्चीत बसले. हात टेकले. मी काय काय केलं हे त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, जणू आम्ही कुणी तिथे नव्हतोच, आणि गच्ची, शिक्षण आणि उपकार यांची एकमेकांशी सांगड घातली. मग म्हणाले, "वर्षाचा मसाला गेला. भाईंदरभर नाव झाला. मी काय बोललो होतो? तो कपडा जालायचा. रंग, बुरूस, सगला बांधून बाहेर. परीक्षा न्हाय."

माझी आई आबांसमोर पदर सावरण्यापलीकडे कधी काही करत नसे. ती म्हणाली, "दादा, सोमवारी परीक्षा हाय तिची."

"आता न्हाय."

सगळ्यांनी मोठीआयकडे पाहिलं. निकाल तिच्या तक्रारीवर अडला होता. तक्रार कशी असेल हे कुणाला विचारायची गरज नव्हती. मसाला पोचला नाही तर तिन्ही व्याही काय बोलतील हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.  गुडघ्यावर हात देऊन उठली आणि जिना चढायला लागली. मी मागोमाग गेले. खालून आबा म्हणाले, "निकाल पुरा न्हाय झाला अजून." तिने ऐकलं नाही. मला वाटलं, कापड जाळायला ती स्वतः चाललीय. मोठीआय कामं दुसऱ्यावर टाकत नसे.

ऊन उतरलं होतं. गच्चीवरून पलीकडे उरलेली मिठागरं दिसायची, चौकोनात चौकोन, आणि त्यांच्या कडेने नव्या इमारतींचे बांबू. चित्र विटांखाली होतं तसंच होतं. मोठीआय त्याच्या कडेला उभी राहिली, पण पाऊल वर ठेवलं नाही. 

"यो माझा फडका न्हाय."

"नाही. तुझा माळ्यावर आहे."

"मग यो काय हाय?"

"चित्र."

"कशाचा?"

सरांनी शिकवलेली उत्तरं माझ्याकडे होती. त्यातलं एकही तिथे उच्चारण्यासारखं नव्हतं. "कशाचंच नाही. नुसता रंग आहे."

"कशाचाच न्हाय, तर माझा हात कशाला दिसते यान?"

मी वाकून पाहिलं. लाल भागावर काही झालं नव्हतं. पण पिवळ्या भागात, जिथे तिने धणे पसरून दर थोड्या वेळाने तळव्याने वर-खाली केले होते, तिथे वरची भुकटी उठून आली होती आणि फिकट कमानी उमटल्या होत्या. एकीत एक, डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडून. माणूस बसल्या जागेवरून जेवढा हात पुढे करू शकतो तेवढ्याच लांबीच्या. ती खाली बसली आणि कापडाला न लावता, वरूनच, हात एका कमानीवरून फिरवला. अगदी बरोबर बसला.

"हलद पिवल्यावर, मिरची लालवर," ती म्हणाली. "मी बघितलापन न्हाय. इतकी वर्सं घालतेय तसा घातला." मग हात मागे घेत, "इचारला असता तर?"

"मी कॉलेजात होते, मोठीआय."

"तू न्हाय. मी. मी कोनाला इचारला असता तर."

 तिने कुणाला काही विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

ती खाली आली. आबांचे हात अजून टेकलेलेच होते. "तक्रार कोनाची पायजे होती?" ती म्हणाली. "माझी ना? माझी तक्रार न्हाय."

"अगो, पन मसाला गेला सगला!"

"माझा गेला. तुमचा काय गेला? तुम्ही खुर्चीवर बसून आलाव." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पन एक सांगते. यो पिवला ये घरान नको. हितं खायचा बनते. आज न्हाय, उद्या न्हाय, कवाच न्हाय. बोल."

मी हो म्हटलं. आबांनी खुर्चीवरून हात काढले आणि पेपर उचलला. त्यांनी तो उलटा धरला होता, पण ते दाखवून द्यायची ती वेळ नव्हती.

हो म्हटल्याचा अर्थ मला रात्री जेवताना कळला. त्या कमानींवरून पुन्हा पिवळा मारता येणार नव्हता. चित्र होतं तसंच न्यावं लागणार होतं. सोमवारी मी ते वर्गाच्या भिंतीवर टांगलं. परीक्षक लांब उभे राहून, डोळे बारीक करून चित्रं पाहत होते. त्यांच्यातला एकच जण जवळ आला. कमानींकडे बोट करून त्याने विचारलं, "हे तुम्ही मुद्दाम केलंय?" मी म्हटलं, "मी नाही केलं, मोठीआयने केलंय." पुढचा प्रश्न विचारायला तो आणखी जवळ वाकला आणि त्याला शिंका आल्या. एकामागून एक. शेवटी रुमाल नाकाला लावून तो पुढच्या चित्राकडे गेला. मला दुसरा वर्ग मिळाला. माझ्या मते तो रास्त होता.

मसाला मोठीआयने परसाच्या टोकाला खोल खड्डा करून पुरला. आबांनी खुर्चीतून देखरेख केली. नवा करायला ना मिरची उरली होती ना मोठीआयमध्ये उमेद. मग मुलींना निरोप गेला आणि त्या वर्षी उलटं झालं: मुलींच्या सासरचा मसाला आमच्याकडे आला, तिन्ही घरांतून थोडा थोडा. वर्षभर आमच्या कालवणाला तीन चवी होत्या. मोठीआय प्रत्येक घास खाताना त्यात काय कमी आहे ते मनात मोजायची. तोंडाने म्हणायची, "बरा हाय." तिला तो शब्द तोंडातून काढताना मसाल्यापेक्षा तिखट लागत असणार.

आता मी शांती नगरच्या एका फ्लॅटमध्ये राहते. इमारतीला गच्ची आहे, तिला कुलूप आहे, आणि किल्ली सेक्रेटरीकडे असते. त्याचाही आबांसारखाच स्वभाव, फक्त खुर्ची प्लास्टिकची. मी आयुष्यभर मोठ्या रंगांचीच चित्रं काढली, त्यांतली काही विकली गेली, आणि पहिल्यानंतर एकातही तो पिवळा नाही. मध्यंतरी एक तरुण समीक्षक माझ्यावर लिहायला आला होता. त्याने ही गोष्ट हेरली होती. फार गंभीर होऊन त्याने विचारलं, पिवळ्याचा हा त्याग कशातून येतो? मी म्हटलं, "घरात खायचं बनतं." त्याने ते लिहून घेतलं. छापून आलं तेव्हा त्यात अन्न, वर्ण आणि विरक्ती असे तीन परिच्छेद होते. पहिलं चित्र माझ्या बैठकीतच काचेआड लावलेलं आहे, त्याने चहा त्याच्याखाली बसूनच घेतला. कमानींबद्दल त्याने विचारलं नाही. लांबून बघणाऱ्याला त्या दिसतही नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा गच्चीवर काम करत होते, निळं काहीतरी. मोठीआय मिरच्यांचं सूप कमरेवर घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन थांबली. तिचा स्वतःचा फडका खांद्यावर होता. घराच्या मालकिणीला असं उंबऱ्याबाहेर थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"विजू," तिने हाक मारली, "मी येऊ का?"

मी माझं कापड ओढून बाजूला घेतलं. ती आली, फडका झटकून पसरला, आणि मिरची कानाजवळ धरून मोडली. कट्.

"अजून एक दिस पायजे," ती म्हणाली. "तू कर तुझा."